कान नसलेली बंदूक

एकतीस वर्षं मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. नववीच्या वर्गात मराठ्यांच्या अखेरच्या लढायांचा धडा आला, की मी ब्राऊन बेसबद्दल फार रंगून सांगायची. हे इंग्रजांच्या पायदळाच्या बंदुकीचं टोपणनाव. चाप ओढला की बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात बसवलेली गार, म्हणजे चकमकीचा दगड, पोलादावर घासायची, ठिणगी पडायची आणि बार उडायचा. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुका, म्हणजे जळती वात लावून उडवायच्या. मग मी वाक्य लिहून द्यायची: 'इंग्रज जिंकले, कारण त्यांची बंदूक सरस होती.' मुलींना पाठ करायला सोपं आणि मला तपासायला सोपं.

या जानेवारीत मी नागपूरला चार दिवस राहून आले. त्या वाक्याचं पुढं काय झालं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

चोवीस जानेवारी, कोराडी

बोलावणं प्राजक्ताचं होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर आहे आणि तिथल्याच वसाहतीत राहते. वसाहतीतल्या महिला मंडळानं सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी भाषण ठेवलं होतं. विषय सीताबर्डीची लढाई, अठराशे सतरा साली नागपूरकर मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेली. प्राजक्तानं माझं नाव सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं. निवृत्तीनंतर आपल्याला कुणी बोलायला बोलावलं, की माणूस फार आढेवेढे घेत नाही.

गाडीतल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. स्टेशनवर प्राजक्ता न्यायला आली होती. घरी नेण्याआधी तिनं मला एका टपरीवर पोहे खायला उभं केलं. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात. इथं हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि त्याला तर्री म्हणतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाला शांतपणे म्हणाला, "ताई, कमी तिखट टाकलं आहे. बाहेरचे पाहुणे दिसून राहिले तुम्ही."

मी दुसरी प्लेट घेतली. त्याच्यापुढं हरायचं नव्हतं म्हणून घेतली, पण खाताना आवडली.

कोराडी लांबूनच दिसायला लागते. धुरांडी आणि पाणी थंड करायचे ते प्रचंड मनोरे. रस्त्यानं कोळशाचे ट्रक ताडपत्री बांधून चाललेले. प्राजक्ताच्या गच्चीवर राखेचा पातळ थर बसतो. ती रोज सकाळी तुळशीची पानं पाण्यानं धुते, आपण बाळाचं तोंड धुवावं तशी. "सवय होते बाई," ती म्हणाली. नऊ वर्षांत तिच्या बोलण्यात नागपूर शिरलंय. नवऱ्याशी फोनवर बोलताना ती "मी येऊन राहिली ना" म्हणाली, आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

दुपारी मी तिला माझं भाषण वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील हुडकेश्वरला राहतात. मेश्राम काका. कारखान्यात तोफगोळ्यांचं काम करायचे, आता रिटायर झालेत. त्यांनी घरी ब्राऊन बेस बनवलीय."

"घरी? बंदूक?"

"उडत नाही. पण बाकी सगळं तसंच आहे म्हणे. उद्या जाऊ या?"

मी आयुष्यभर ज्या बंदुकीवर बोलले, ती कधी हातात घेतली नव्हती. तेव्हा पहिल्यांदाच ते लक्षात आलं.

पंचवीस जानेवारी, हुडकेश्वर

हुडकेश्वर शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवी घरं, अर्धवट रस्ते, मध्येच एखादा मोकळा प्लॉट आणि त्यात चरणाऱ्या म्हशी. मेश्रामांच्या घराच्या दर्शनी खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, त्यांच्याखाली दिवाण, आणि दिवाणावर आडवी ठेवलेली ती बंदूक.

मी थबकलेच. ती माझ्या कल्पनेपेक्षा खूप मोठी होती. उभी केली असती तर माझ्या हनुवटीला लागली असती.

सुदाम मेश्राम सत्तरीचे, सडपातळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. "या जी, या. बसा. कमल, मॅडमले पाणी आण वं!"

"आणते," आतून आवाज आला. "पण पयले ते लोखंड उचला दिवाणावरून. पाहुण्यांनं बसावं कुठं?"

कमलताई पाणी घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सहा वर्षं झाले, मॅडम. घरात पोरीच्या लग्नाची पत्रिका नाही ठेवू देत दिवाणावर, पण हिले जागा आहे."

मेश्राम हसले. त्यांनी बंदूक उचलून माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि पुढं झुकले. साडेचार किलो वजन, सगळं लांबीत पसरलेलं.

"पयले हे पहा," ते म्हणाले. घोड्याशेजारी लोखंडाची एक छोटी वाटी होती. तिथं चिमूटभर दारू ठेवायची, ठिणगी पडली की ती पेटते, आणि नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून आग आत जाऊन मोठा बार उडतो. त्या छिद्राला बंदुकीचा कान म्हणतात. यांच्या बंदुकीला वाटी होती, पण तिच्यामागं नळी सपाट होती. "कान पाडलाच नाही मी. बहिरी आहे जी ही. कितीही ठिणग्या पाडा, आत काही ऐकू जात नाही. पोलीस ठाण्यात नेऊन दाखवली, त्यांच्याकडून कागद लिहून घेतला, मंगच घरी ठेवली."

मग त्यांनी मला बार भरायला लावला. दारूऐवजी कमलताईंच्या डब्यातला रवा, गोळीऐवजी काचेची गोटी, दोन्ही कागदात गुंडाळून केलेलं काडतूस. काडतूस दातानं फाडायचं. माझा पुढचा एक दात हलतो, त्यामुळं मी बाजूच्या दातांनी ओढाताण करायला लागले आणि अर्धा रवा माझ्या साडीवर सांडला.

"पलटणीत घेतलं नसतं तुम्हाले," मेश्राम गंभीरपणे म्हणाले. "पुढचे दात पाहूनच घेत."

उरलेला रवा नळीत, मग गोटी, मग कागद. नळीखाली खोवलेला गज काढायचा, नळीत घालून ठोकायचा, परत खाली खोवायचा. घोडा मागं ओढताना माझा अंगठा गारेवर घासला आणि रक्त आलं. कमलताईंनी हळद आणली. मी तशीच चाप ओढला. खटकन आवाज झाला, ठिणग्यांचा छोटा फुलोरा उडाला आणि जळक्या दगडाचा वास आला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले.

"दोन मिनिटं लागले," मेश्राम घड्याळ बघत म्हणाले. "इंग्रजांचे शिपाई एका मिनिटात तीन बार काढत."

चहा झाला. त्यांनी विचारलं, "भाषणात काय सांगून राहिले मॅडम तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग सीताबर्डीवर नागपूरकरांजवळ कोणती बंदूक होती?"

"तोड्याची."

"सगळ्यायजवळ?"

मी चहाचा घोट घेतला.

"हीच होती जी बऱ्याच जणांजवळ. गारेचीच. कवायत शिकलेल्या पलटणी होत्या नागपूरकरांच्याही. अन् त्यांच्याकडच्या भाडोत्री अरब शिपायांजवळ तोड्याची होती, पण लांब नळीची. ती हिच्याहून दूर मारे. ही तर शंभर पावलांपुढं कुठं जाईल ते हिलेच माहीत नाही."

"कशावरून म्हणता?" मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा, कारण प्राजक्तानं कप खाली ठेवला.

मेश्राम आत गेले आणि ग्रंथालयाचे शिक्के असलेली तीन जाड पुस्तकं घेऊन आले. पानोपानी कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. "माह्या शब्दावर जाऊ नका. तुम्ही शिकलेल्या आहात, मी फिटर माणूस. वाचून पहा. मी चूक असलो तर सांगा मले."

कमलताईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वडाभात होता. भरड्या डाळींचे वडे भातात कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची कढत फोडणी. जेवण उत्तम होतं, पण माझं लक्ष नव्हतं. परतीच्या वाटेवर प्राजक्तानं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "बाई, मला ते वाक्य अजून पाठ आहे."

ती सहज म्हणाली. मला मात्र ते अंगठ्याच्या जखमेपेक्षा जास्त झोंबलं.

दुपारभर मी गच्चीवर बसून पुस्तकं वाचली. चिठ्ठी घातलेली पानं वाचली, त्यांच्या मागची-पुढची वाचली. माणूस चुकीचा नव्हता. दोन्ही बाजूंना गारेच्या बंदुका होत्या, दोन्ही बाजूंना तोफा होत्या. इंग्रजांच्या बाजूचे शिपाईसुद्धा बहुतेक मद्रास आणि बंगालच्या फौजांतले, इथलेच. ही बंदूक तर कितीतरी हिंदुस्थानी राजांनी विकत घेतली होती, तिच्या नकला करवून घेतल्या होत्या. हे सगळं छापलेलं होतं. मी शोधलं नव्हतं इतकंच. एक वाक्य सोपं पडलं आणि मी त्यावर एकतीस वर्षं काढली.

उन्हं उतरल्यावर मी माझं भाषण घेतलं आणि मधली चार पानं काढून टाकली. उरलं ते फारच थोडं.

सव्वीस जानेवारी, सीताबर्डी

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतात, आणि सव्वीस जानेवारी त्यातला एक. मेश्राम सकाळीच खाली येऊन थांबले होते, कोटाला छोटा तिरंगा लावून. रांग लांब होती. लोक डबे घेऊन आले होते.

"मेश्रामजी, तुम्ही बरोबर होता," मी रांगेतच सांगून टाकलं.

"मले वाटलं रागावल्या असाल."

"रागावले होतेच. दुपारी चार वाजेपर्यंत."

ते इतके मोकळे हसले की पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

आमच्या साताऱ्याचा अजिंक्यतारा पाहिलेल्या माणसाला हा किल्ला बुटका वाटतो. पुष्कळांना वाटतं की लढाई या किल्ल्यासाठी झाली. तेव्हा इथं किल्ला नव्हताच, दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. तटबंदी इंग्रजांनी जिंकल्यावर बांधली. मेश्रामांनी मला वरून धाकटी टेकडी दाखवली. मध्ये आता गाड्या, दुकानं, मेट्रोचा पूल. पण अंतर किती कमी होतं ते कळलं. इंग्रजांच्या शिपायांना हटवून त्या लहान टेकडीवर अरब चढले, तिथून त्यांच्या लांब बंदुका मोठ्या टेकडीवर पोचत होत्या. मग त्यांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, त्या गोंधळात इंग्रजांच्या शिपायांनी टेकडी परत घेतली, आणि इंग्रजांच्याच घोडदळानं मैदानात भलतंच धाडस केलं. एवढ्या सगळ्यात 'सरस बंदूक' कुठं बसवणार?

"तुम्ही हे सगळं कशासाठी शोधलंत?" मी विचारलं.

त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "आमच्या घरी एवढंच सांगत, खापरपणजा पलटणीत होता. कोणाच्या पलटणीत, ते कोणाले माहीत नाही. कागद नाही, नाव नाही. मले वाटलं, बाकी काही नाही तर तो काय उचलून चालत होता ते तरी पाहू. म्हणून बनवली. पयल्या दिवशी खांद्यावर घेऊन गल्लीत चार चकरा मारल्या. लोक म्हणे, काहून फिरून राहिला गा हा!"

मी तिथंच हट्ट धरला. संध्याकाळी भाषणाला ती बंदूक हवीच, आणि बोलायला मेश्राम हवेत. ते नको म्हणाले. "आजच्या दिवशी नाही मॅडम. जागोजाग बंदोबस्त आहे."

"कागद आहे ना तुमच्याकडे?" मी म्हटलं, आणि पुढं त्यांचं ऐकलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळ, पुन्हा कोराडी

बंदूक चादरीत गुंडाळून प्राजक्ताच्या गाडीत तिरपी ठेवली. एक टोक माझ्या पायांशी, दुसरं मागं मेश्राम आणि कमलताईंच्या मधोमध. सगळं शहर ओलांडलं, कुणी हटकलं नाही. अडवलं ते थेट वसाहतीच्या फाटकावर.

सुरक्षारक्षक पिळदार मिशांचा, लष्करातून निवृत्त झालेला हवालदार होता. त्यानं डिकी पाहिली, मग आत वाकून चादरीकडं बोट केलं. "हे काय आहे?"

"बंदूक," मी म्हटलं. शिक्षिकेला खोटं सुचत नाही.

पुढच्या क्षणी आम्ही चौघंही रस्त्यावर उभे होतो आणि दुसरा रक्षक फोन लावत होता. मेश्राम खिसे चाचपत होते. शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा. त्यांचा चेहरा उतरत गेला. "कागद सकाळच्या कोटात राहिला," ते म्हणाले. चोख नोकरी केलेला माणूस, आणि माझ्या हट्टापायी फाटकावर संशयित म्हणून उभा. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

कमलताई पुढं झाल्या. "दादा, त्यायले काही म्हणू नका. तुम्ही स्वतः पहा. कान शोधा तिचा."

हवालदारानं चादर उलगडली. बंदूक उचलताना त्याच्या हातांची सराईत पकड दिसली. त्यानं घोडा पाहिला, वाटी पाहिली, तिथं नख फिरवलं, नळीत उजेड टाकून पाहिला. मग पुन्हा नख फिरवलं.

"छेद नाही पाडला?"

"नाही साहेब. कधी पाडणारही नाही," मेश्राम म्हणाले.

"घरी बनवली? हा घोडा पण?"

"कानशीनं घासून. आठ महिने लागले त्याले."

हवालदारानं फोन करणाऱ्याला हातानं थांबवलं. बंदूक परत चादरीत ठेवली, अगदी सांभाळून. "काम एक नंबर आहे, काका. पण आज आत नाही जाणार. उद्या दुसऱ्या रक्षकानं कोणाले सोडलं म्हणून मीच ओरडायचं, अन् आज तुम्हाले सोडायचं, असं नाही जमत."

तो बरोबरच होता. मी मान हलवली. आत साठ-सत्तर बायका सभागृहात वाट बघत होत्या. मी प्राजक्ताकडं पाहिलं, प्राजक्तानं माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिनं फोन काढला. "सगळ्यांना म्हणावं, आपापली खुर्ची घ्या आणि फाटकाबाहेर या."

आणि खरंच, दहा मिनिटांत भरजरी साड्यांतल्या बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलून येताना दिसल्या. मागून त्यांचे नवरे, काही म्हातारी माणसं. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मोकळी जागा होती. माइक नव्हता. एकतीस वर्षांत माइक लागला नव्हता, आजही नाही लागला.

मी पहिल्यांदा माझं ते वाक्य सांगितलं. मग म्हटलं, "हे मी हजारो मुलींना शिकवलं. त्यातली एक तुमच्यात बसली आहे. ते चूक होतं, आणि ते मला काल या काकांनी दाखवलं." प्राजक्ता पहिल्या रांगेत होती. तिच्याकडं बघायचं मी टाळलं.

पुढचं मेश्रामांनी सांगितलं. सुरुवातीला ते जमिनीकडं बघत बोलत होते. पण बंदूक हातात आली आणि माणूस बदलला. बार कसा भरतात ते करून दाखवलं. मग सहा बायकांना काठ्या, झाडू, छत्र्या देऊन एका ओळीत उभं केलं, आणि हवालदाराला विनंती केली, "साहेब, हुकूम तुम्ही द्या."

हवालदारानं घसा खाकरला. त्याच्या पहिल्या हुकुमाला झाडावरची पाखरं उडाली. सहा बायकांचे सहा वेगवेगळे बार झाले आणि सगळे खो खो हसले. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र सहा तोंडांतून एकच "ठो" निघाला.

"हे होतं पहा," मेश्राम म्हणाले. "बंदूक सारखीच होती. शेजारचा पडला तरी ओळ न सोडता पुन्हा काडतूस फाडायचं, हे शिकवलेलं होतं. इंग्रजांच्या शिपायायले पगार वेळेवर, दारूगोळा वेळेवर. नागपूरकरांचे लोकही शूर होते, पण एका हुकुमाखाली नव्हते. अन् दोन्हीकडून मरणारे आपलेच."

एका बाईंनी विचारलं, "मग तुमचे खापरपणजोबा कोणत्या बाजूनं होते?"

"माहीत नाही जी," ते म्हणाले. "म्हणून मी दोन्ही बाजूचं वाचतो."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मेश्रामांना काय करावं ते कळेना. त्यांनी बंदूक हवालदाराच्या हातात दिली आणि नमस्कार केला.

सत्तावीस जानेवारी

निघायच्या आधी मेश्राम दांपत्याचा फोन आला. दोन शाळांनी त्यांना बोलावलं होतं. कमलताई म्हणाल्या, "आता कोट बदलू देत नाही मी त्यायले." ग्रंथालयाची पुस्तकं मी मेश्रामांना परत द्यायला प्राजक्ताकडं दिली आणि संत्रा बर्फीचे दोन डबे बॅगेत कोंबले.

गाडी सुटताना प्राजक्ता खिडकीशी आली. "बाई, रागावू नका. कालचं तुमचं बोलणं मी मोबाइलवर घेतलं होतं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलंय."

मी फोन उघडला तेव्हा अजनी स्टेशन मागं पडलं होतं. पुण्याहून, दुबईहून, कराडहून, कुठल्या कुठल्या मुलींचे निरोप आले होते. एकीनं फक्त नमस्काराचे हात पाठवले होते. एकीनं लिहिलं होतं, की ती स्वतः आता इतिहास शिकवते आणि गेल्याच आठवड्यात तिनं तेच वाक्य लिहून दिलंय. एक जुनी भांडखोर मुलगी म्हणत होती, "बाई, मी तेव्हा ते वाक्य लिहिलं नव्हतं, तुम्ही माझे दोन मार्क कापले होते. परत द्या."

वर्ध्यापर्यंत मी एकेकीला उत्तर लिहीत होते. त्या भांडखोर मुलीचं उत्तर शेवटी ठेवलं. खिडकीबाहेर तुरीची शेतं पिवळी पडली होती, समोरच्या बाकावर कुणीतरी संत्री सोलत होतं.

मी लिहिलं, "दिले."